मोटारीचे इंजिन का तापते?

(मंचेरियल परिसरात वाहने चालविणाऱ्यांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)

वैशाखातील दुपार. मंचेरियलहून चेन्नूरकडे जाणारा रस्ता उन्हाने भाजून निघालेला. कडेला एखादी जीप बॉनेट उघडून उभी असते. पुढच्या जाळीतून वाफेचे लोट निघत असतात, आत बसलेली माणसे झाडाची सावली शोधत असतात आणि चालक हातात पाण्याचा डबा घेऊन रेडिएटरचे झाकण उघडण्याच्या खटपटीत असतो. गोदावरीकाठच्या या पट्ट्यात उन्हाळ्यात हे दृश्य नेहमीचेच आहे. ते इतके परिचयाचे झाले आहे, की त्यात दोन गंभीर धोके दडलेले आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिला धोका त्या चालकाच्या हाताला, चेहऱ्याला व डोळ्यांना आहे. दुसरा धोका, ज्याच्या बळावर त्याच्या घराची चूल पेटते, त्या इंजिनाला आहे. दोन्ही धोके घाईतून निर्माण होतात आणि दोन्ही टाळता येण्यासारखे आहेत.

मंचेरियल हे पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. 11 ऑक्टोबर 2016 पासून ते तेलंगणातील स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले आहे. महाराष्ट्राच्या सरहद्दीवरील लोकांना हे शहर परके नाही. राजुरा आणि किनवट हे भाग 1956 च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. सोयरीक, बाजारहाट, आगगाडी आणि औषधपाणी यांच्या निमित्ताने आजही सरहद्दीच्या दोन्ही बाजूंनी ये-जा चालू असते. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याहून निघालेले वाहन प्राणहिता ओलांडून चेन्नूरमार्गे राष्ट्रीय महामार्ग 63 ने येथे पोहोचते, तर राजुऱ्याकडील वाहन आसिफाबाद व बेल्लमपल्ली मागे टाकून येते. वाटेत सिंगरेणीचा कोळसापट्टा लागतो. मालमोटारींची वर्दळ, हवेत तरंगणारी धूळ आणि 45 अंशांच्या वर चढणारा पारा या तिन्हींची परीक्षा इंजिनाला एकाच वेळी द्यावी लागते.

उष्णता येते कोठून आणि जाते कोठे?

इंजिन ही मुळात उष्णतेवर चालणारी भट्टी आहे. सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा तेथील तापमान क्षणभर 2000 अंश सेल्सियसच्याही पुढे जाते. या उष्णतेपैकी साधारणतः पाव ते एक-तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला मोठा भाग इंजिनाच्या धातूत शिरतो. ही उष्णता तेथून सतत काढून घेतली नाही, तर वंगण पातळ होऊन निकामी होते, पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि धातू वेडावाकडा होतो.

ही उष्णता वाहून नेण्याचे काम पाणी करते. सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. हे चक्र चालू ठेवतो तो वॉटर पंप, आणि वारा ओढतो तो पंखा. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने 1900 साली मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखी असंख्य छिद्रे असलेला रेडिएटर तयार केला. थोड्या जागेत वाऱ्याला पुष्कळ पृष्ठभाग मिळवून देणे, हे त्यामागील तत्त्व आजही कायम आहे.

या व्यवस्थेत आणखी दोन पहारेकरी आहेत. एक थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो आणि पाणी साधारण 82 ते 88 अंशांपर्यंत तापले की ती उघडू लागतो. दुसरा पहारेकरी म्हणजे रेडिएटरचे स्प्रिंग असलेले झाकण. ते पाण्यावर दाब ठेवते. हवेच्या नेहमीच्या दाबाखाली पाणी 100 अंशांना उकळते. झाकणाने आणखी तेवढाच दाब दिला, तर ते सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच होय.

उन्हाळ्यातच गाड्या का तापतात, याचे उत्तर साध्या गणितात आहे. रेडिएटरमधील पाणी 95 अंशांवर आहे असे धरू. हिवाळ्यात बाहेरची हवा 20 अंश असेल, तर दोहोंत 75 अंशांचा फरक पडतो. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली म्हणजे हाच फरक 50 अंशांवर येतो. उष्णता जाण्याचा वेग या फरकावर अवलंबून असल्याने त्याच रेडिएटरची निवविण्याची शक्ती एक-तृतीयांशाने घटते. हिवाळ्यात झाकून गेलेली लहानशी उणीव उन्हाळ्यात उघडी पडते ती यामुळे. ऊन हे निमित्त असते. दोष बहुधा आधीपासून गाडीतच असतो.

वाटेत गाडी तापली तर

समजा, सिरोंच्याहून एक काळीपिवळी आजारी माणसाला घेऊन मंचेरियलच्या दवाखान्याकडे निघाली आहे. निम्म्या वाटेत तापमान दाखविणारी सुई लाल खुणेकडे सरकू लागते, किंवा नव्या गाडीत लाल दिवा लागतो. मागे रुग्ण कण्हत असतो, नातेवाईक 'लवकर चला' म्हणत असतात. अशा वेळी 'थोडेच अंतर उरले आहे, कसे तरी गाठू' असा मोह होतो. हाच मोह सर्वांत महाग पडतो. कारण त्या थोड्या अंतरात इंजिन अडकून बसले, तर गाडी भर उन्हात रस्त्यात थांबते आणि रुग्णही तेथेच अडकतो.

सुई नुकतीच चढू लागली असेल आणि वाफ दिसत नसेल, तर वातानुकूलन ताबडतोब बंद करावे, वेग कमी करावा आणि गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण सोडावा. उन्हाळ्यात हीटर लावणे विचित्र वाटते खरे; परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असून तो इंजिनाची काही उष्णता ओढून घेतो. एवढ्याने सुई खाली आली नाही, वाफ दिसू लागली किंवा बॅटरीचा दिवाही त्याच वेळी लागला, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. गाडीत रुग्ण असल्यास पहिले काम इंजिनाचे नव्हे. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, अथवा येणारे दुसरे वाहन थांबवून रुग्णाला पुढे पाठवावे. गाडीकडे त्यानंतर पाहता येते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतील पाणी 110 किंवा 115 अंशांवर असूनही केवळ दाबामुळे पाणीच राहिलेले असते. झाकण फिरताच दाब नाहीसा होतो आणि त्याच क्षणी ते उकळून उसळते. पाण्याची वाफ होताना तिला सुमारे 1600 पट जागा लागते. हा उकळता फवारा थेट वाकलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. कुकरची वाफ जाऊ दिल्याखेरीज घरातील कोणतीही गृहिणी त्याचे झाकण काढीत नाही. चालकानेही तेवढाच संयम पाळला पाहिजे.

वाफ ओसरल्यावर बॉनेट उघडून किमान अर्धा तास, उन्हाळ्यात पाऊण तास, थांबावे. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, म्हणून त्याच्याजवळ हात नेऊ नये. वरची नळी दाबली असता मऊ लागली आणि झाकणाला हात लावून धरता येऊ लागला, म्हणजे जाड ओले फडके ठेवून, तोंड बाजूला करून, झाकण प्रथम अर्धवट फिरवावे. उरलेली वाफ गेल्यावरच ते पूर्ण काढावे. तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नये आणि आतही गार पाणी एकदम भरू नये. लाल झालेल्या तव्यावर पाणी पडावे तसा प्रकार होऊन धातूला तडा जातो. इंजिन पुरेसे निवल्यावर ते चालू करून पाणी हळूहळू भरावे.

एवढे सांगूनही कोणाला भाजलेच, तर भाजलेल्या भागावर स्वच्छ साधे पाणी 20 मिनिटे सोडत राहावे आणि दवाखाना गाठावा. हळद, शाई, टूथपेस्ट असे काहीही लावू नये.

निदानाची पद्धत

वैद्य नाडी पाहण्याआधी दुखणे केव्हा होते हे विचारतो. इंजिनाच्या बाबतीतही हीच रीत उपयोगी पडते. तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. केवळ पाणी भरून पुढे जाणे म्हणजे तापावर गोळी देऊन रोग तसाच ठेवणे होय. पुढील चार प्रश्न क्रमाने विचारले असता दोष बहुतेक वेळा सापडतो.

पहिला प्रश्न : पाणी कमी झाले आहे काय? झाले असेल तर ते कोठे तरी गेले आहे. नळ्यांची टोके, रेडिएटरचे सांधे आणि वॉटर पंपाची खालची बाजू पाहावी. पंपाच्या बुडाशी मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रातून थेंब गळत असतील, तर पंपाचे सील गेले असे समजावे. झाकणाचे रबर फाटले किंवा स्प्रिंग सैल झाली तरी दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. अशा वेळी थोड्या पैशांत मिळणारे नवे झाकण मोठा खर्च वाचविते. येथे एक फसवणूक ध्यानात ठेवली पाहिजे. पाणी फारच उतरले, तर तापमान मोजणारा भाग कोरडा पडतो आणि सुई उलट खाली येते. तापत असलेल्या गाडीची सुई अचानक पडणे हे सुचिन्ह नसून संकटाची सूचना आहे.

दुसरा प्रश्न : गाडी केव्हा तापते? बाजारात, फाटकाशी किंवा उभी असताना तापत असेल आणि वेगात निवत असेल, तर पंख्याचा संशय घ्यावा. वेगात समोरचा वारा पंख्याचे काम करीत असतो. याउलट वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर तुंबला आहे, पाणी पुरेसे फिरत नाही किंवा खालची नळी ओढीने चपटी होत आहे. सकाळी निघाल्यापासून चार-दोन किलोमीटरांतच तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असण्याचा संभव अधिक.

तिसरा प्रश्न : पंखा फिरतो काय? जुन्या अॅम्बॅसडर गाडीत किंवा जीपमध्ये पंखा पट्ट्यावर फिरतो. हा पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण एक सेंटीमीटर दबावा. त्याहून फार सैल असेल तर तो घसरतो. तोच पट्टा विजेचे जनित्रही फिरवीत असेल, तर तो तुटताच बॅटरीचा दिवा लागतो आणि पाठोपाठ सुई चढते. मारुती 800 सारख्या 1983 पासून आलेल्या गाड्यांत मात्र विजेच्या मोटारीवर चालणारा पंखा असतो. तो फिरत नसल्यास प्रथम फ्यूज, मग रिले आणि तापमानाचा स्विच तपासावा. अनेकदा काही रुपयांचा फ्यूज बदलताच दुखणे संपते.

चौथा प्रश्न : नळ्या सारख्या गरम आहेत काय? इंजिन तापलेले असूनही रेडिएटरकडे जाणारी एक नळी कढत आणि दुसरी जवळजवळ गार लागत असेल, तर पाण्याची वाट अडली आहे. ती थर्मोस्टॅटने अडविली असेल किंवा रेडिएटरमधील गाळाने.

थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही करता येते. तो काढून दोरीने भांड्यातील पाण्यात लोंबकळत ठेवावा, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या आसपास तो उघडू लागला आणि पाणी निवताच मिटला, तर तो चांगला. गावातील शाळेत शिक्षकांनी हा प्रयोग मुलांना करून दाखवावा. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे पुस्तकातील वाक्य मुलांच्या डोळ्यांसमोर घडेल.

हेड गॅस्केटचा दोष

या चार प्रश्नांनी उलगडा झाला नाही, तर सिलिंडर हेडखालील गॅस्केटकडे वळावे लागते. बाहेर कोठेही गळती नसताना पाणी कमी होणे, इंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरा धूर येत राहणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसणे, तेलाच्या कांडीवर किंवा झाकणाखाली दुधट फेस जमणे ही त्याची चिन्हे होत. पाणी व तेल एकत्र झाल्याचे दिसताच गाडी चालविणे थांबवावे. अनेक इंजिनांचे हेड अॅल्युमिनियमचे आणि खालचा भाग बिडाचा असतो. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. म्हणून एकदा फार तापलेले हेड वाकते आणि नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. हेड सरळ आहे की नाही हे पाहून ते घासून घ्यावे लागते. हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. वेळेवर दोनशे-चारशे रुपयांचा पट्टा किंवा नळी बदलली असती, तर ही वेळ आली नसती, असे अशा प्रसंगी पुष्कळदा आढळून येते.

प्रचलित पण अपायकारक उपाय

काही समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकणे ही त्यांपैकी एक. हळदीने बारीक छिद्र काही काळ बुजते, हे खरे. पण तीच हळद बारीक नळ्यांतही बसते आणि रेडिएटर तुंबतो. अगदी निरुपाय झाला म्हणून हा उपाय केलाच, तर पहिल्या कार्यशाळेत रेडिएटर धुऊन गळती झाळून घ्यावी.

दुसरी समजूत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. 'आपल्या उष्ण मुलखात तो हवा कशाला?' असे म्हटले जाते. परंतु तो नसल्यास इंजिन नीट तापायला वेळ लागतो, इंधन अधिक जळते आणि सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आतच फिरते आणि गाडी अधिकच तापते. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढून टाकू नये.

तिसरी चूक विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी वर्षानुवर्षे वापरण्याची. ज्या क्षारांमुळे घरच्या पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर बसतो, तेच क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. अडचणीच्या वेळी कोणतेही स्वच्छ पाणी चालते. नेहमीसाठी मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे. कूलंट केवळ बर्फाळ प्रदेशासाठी असतो, हा गैरसमज आहे. तो पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवितो आणि आतला धातू गंजू देत नाही. मात्र त्यातील ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते. काढलेला कूलंट अंगणात, गटारात किंवा गुरांच्या पाणवठ्याजवळ ओतू नये, आणि त्याचा डबा मुलांच्या हाती लागू देऊ नये.

होळीपूर्वीची तयारी

शेतकरी मृगाची वाट न पाहता आधीच औत-अवजारे दुरुस्त करून घेतो. वाहनधारकाने होळीपूर्वी एक सकाळ गाडीसाठी काढावी. पट्टा, नळ्या, झाकण व पंखा तपासावा. तेलाची पातळी पाहावी, कारण तेलही उष्णता वाहून नेते. रेडिएटरच्या पापुद्र्यांत अडकलेली कोळशाची धूळ, गवत आणि किडे, आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला पाण्याची मंद धार सोडून धुऊन काढावेत. जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे मुडपतात. गाडीत पाच लिटर स्वच्छ पाणी, नळीचे दोन क्लिप, काही फ्यूज आणि जाड फडके बाळगावे. प्रवासी व माल प्रमाणाबाहेर भरू नयेत. प्रत्येक जादा ओझ्याची किंमत इंजिन उष्णतेच्या रूपाने मोजत असते.

सरकारी कार्यालयांतील वाहनांनाही हे लागू आहे. पाणी वारंवार भरावे लागत असेल, तर चालकाने त्याची नोंद करावी आणि अधिकाऱ्यांनी ती वाचून वेळीच दुरुस्ती मंजूर करावी. पाणी कमी होत असल्याची नोंद हा इंजिनाने आधीच केलेला अर्ज असतो.

श्रोतेहो, इंजिन अकस्मात बिघडत नाही. गळणारा थेंब, घसरणाऱ्या पट्ट्याची किरकिर, नेहमीपेक्षा थोडी वर टेकलेली सुई, अशा खुणांनी ते अनेक दिवस आधी सांगत असते. या खुणा ओळखणारा चालक आपले वाहन वाचवितो. आणि सुई लाल खुणेवर गेल्यावर जो गाडी थांबवून, झाकणाला हात न लावता, पाऊण तास सावलीत बसून राहतो, तो आपला चेहरा, आपले डोळे आणि आपला रोजगार वाचवितो. वैशाखातल्या त्या रस्त्यावर गेलेला पाऊण तास वाया गेला असे कोणी समजू नये.